पत्र्याच्या पेटीतला फोटोपास

आईच्या पत्र्याच्या पेटीत, शालूच्या घडीखाली आमचा फोटोपास आहे. झोपडीच्या दारात आईवडील अवघडून उभे. जांभळा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. फोटो बदलला तर शिक्का जुळणार नाही. तोतया पकडायची एवढी साधी युक्ती!

४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतल्या सार्वजनिक जमिनींवरच्या झोपड्यांची एका दिवसात गणना झाली आणि नोंद झालेल्यांना फोटोपास मिळाले. झोपडी हटवली तर पर्यायी जागा, एवढाच त्याचा आधार होता. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत मोफत घर आलं आणि या कागदाला सोन्याचा भाव आला. आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००, त्या तारखेआधीचा पुरावा दाखवा.

मग आमच्या गल्लीत एका खोलीत रातोरात प्लायवूडची भिंत उभी राहिली. दारं दोन, दावेही दोन. पाहणीला आलेल्या माणसाने कागद बाजूला ठेवून आधी विजेचे मीटर मोजले: एकच. जुन्या मतदार यादीतही एकच कुटुंब. पात्रतेच्या यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये, नावही एकच लागलं. बरं झालं, लबाडाला मिळालेली खोली कुणा गरजवंताचीच असते.

पण शेजारच्या मावशींची कागदपत्रं २६ जुलै २००५ च्या पुरात गेली. मतदार यादीत त्यांचं आडनावही चुकलेलं. तीस वर्षं तिथे धुणीभांडी करून राहिलेली बाई अपात्र ठरली, याचा राग मला आजही आहे. अख्खी गल्ली त्यांना ओळखत होती. गल्लीला कुणी विचारलंच नाही.