थळ घाट : चढावरील ओढ व गतिनियंत्रण

थळ घाट (कसारा घाट) : ठाणे जिल्ह्यातील कसारा व नासिक जिल्ह्यातील इगतपुरी यांना जोडणारा सह्याद्रीतील घाट. मुंबई–आग्रा रस्ता व मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग याच घाटातून जातात. जड भार चढावर ओढणे व उतारावर आवरणे, या दोन प्रश्नांनी येथील वाहतुकीचा इतिहास घडविला आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. येथील कमाल चढ ३७ मी. अंतरास १ मी. आहे. अशा चढावर प्रत्येक टनामागे केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यास सु. २७ किग्रॅ. ओढ लागते, म्हणजे १,००० टनांच्या गाडीस २७ टन. ही सर्व ओढ पुढील एंजिनाने दिल्यास डब्यांच्या सांध्यांवर अतिरिक्त ताण येतो. म्हणून कसाऱ्यास गाडीच्या मागे साहाय्यक (बँकर) एंजिने जोडण्याची पद्धत पडली. सांधा तुटल्यास मागील डबे अडवून धरण्याचे कामही ती करतात.

१९३० मध्ये इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण झाले. मालगाड्यांसाठी आणलेल्या सु. २,६०० अश्वशक्तीच्या एंजिनांत उतारावर चलित्रेच जनित्रांप्रमाणे चालवून गती रोखण्याची व निर्माण झालेली वीज तारेत परत देण्याची सोय होती. २०१९ पासून मुंबई–दिल्ली राजधानी गाडीस दोन्ही टोकांना एंजिने जोडण्यात येऊ लागल्याने तिला बँकर लावण्यासाठी थांबण्याची गरज उरली नाही.

रस्त्यावरील मालमोटारीत हेच कार्य गिअरपेटी करते. डीझेल एंजिनाचे परिपीडन ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यातच भरपूर असते. चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकल्यास फेरे त्या टप्प्यात राहतात; उशीर केल्यास एंजिन दबते, गती जाते व भारासह पुन्हा सुरुवात करणे कठीण होते.

उताराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २० टनांचे वाहन घाटातील सु. ३०० मी. उंची उतरते, तेव्हा सु. २०० लिटर पाणी ३०° से. पासून उकळीपर्यंत तापविण्याइतकी ऊर्जा मुक्त होते. ती सर्व ब्रेकवर पडल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे व एंजिनाचा अवरोध वापरावा, असा सामान्य नियम आहे. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून उतरल्यास हा अवरोधच नाहीसा होतो. ट्रेलर जोडलेला असल्यास मागचा भार पुढील वाहनास ढकलतो. वळणावर एकाएकी ब्रेक दाबल्यास दोन्ही वाहने सांध्यापाशी मुडपण्याचा धोका असतो.

२०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाला. त्यावरील इगतपुरीजवळच्या सु. ८ किमी. लांबीच्या जुळ्या बोगद्यांमुळे घाटातील वळणे टाळता येतात. उंचीतील फरक मात्र कायम असल्याने जड वाहनांस गिअरचा नियम तेथेही लागू पडतो.