सुटा भाग आणि हरवलेलें माप

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या जुन्या फियाट गाडीचें पुढचें एक मडगार्ड गंजून गेल्यामुळें बदलावें लागलें. दुकानदारानें नवें काढून दिलें तेव्हां तें जुन्याचें जुळें भावंड दिसत होतें. परंतु गाडीला लावूं गेल्यावर बोल्टांचीं भोकें अर्ध्या बोटानें चुकलीं, आणि बॉनेटशेजारची फट एका टोकाला करंगळी मावेल एवढी, तर दुसऱ्या टोकाला मुळींच नाहीं, अशी झाली. आमच्या मिस्त्रीनें तक्रारीचा एक शब्दहि न काढतां कानस उचलली व भोकें लांबट करण्यास आरंभ केला. "साहेब, बाजारचा माल असाच. तो बसत नाहीं, बसवावा लागतो," एवढेंच तो म्हणाला. त्याची कानस चालत असतां आमच्या मनांत आलें कीं, हाच आवाज अडीचशें वर्षांपूर्वीं युरोपांतील प्रत्येक बंदूक-कारागिराच्या दुकानांत ऐकूं येत असे, आणि तो बंद पाडण्यासाठीं मोठमोठ्या माणसांनीं आयुष्यें वेंचलीं. ती हकीकत वाचकांस थोडक्यांत सांगावी असें वाटतें. कारण न बसणाऱ्या भागाचें कारण तींतच सांपडतें.

अठराव्या शतकांत बंदूक ही एका कारागिराच्या हातची वस्तु असे. घोडा, चाप, कमान, मळसूत्र हे सर्व भाग कानशीनें घासून एकमेकांशीं जुळविले जात. त्यामुळें एका बंदुकीचा भाग दुसरीस सहसा बसत नसे. लढाईंत एक कमान मोडली कीं सबंध बंदूक पुन्हां कारागिराच्या हातीं द्यावी लागे. फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लाँ या कारागिरानें यावर उपाय शोधला. १७८५ सालीं अमेरिकेचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफर्सन त्याच्याकडे गेले असतां त्यानें बंदुकीच्या पन्नास यंत्रांचे सुटे भाग कप्प्यांत मांडून ठेवले होते. जेफर्सन यांनीं हाताला येतील ते भाग उचलून स्वतः कित्येक यंत्रें जुळविलीं, व तीं बिनचूक जुळलीं. ही बातमी त्यांनीं मोठ्या उत्साहानें मायदेशीं कळविली.

अमेरिकेंत या कल्पनेचें श्रेय पुष्कळ काळ एली व्हिटनी यांस दिलें जात असे. त्यांनीं १७९८ सालीं सरकारास दहा हजार बंदुका पुरविण्याचा करार केला, आणि १८०१ सालीं वॉशिंग्टन येथें बड्या मंडळींसमोर सुट्या भागांच्या अदलाबदलीचा प्रयोगहि करून दाखविला. परंतु विसाव्या शतकांत अभ्यासकांनीं त्यांच्या कारखान्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हां त्यांचे भाग परस्परांस बसत नाहींत असें आढळलें. इतकेंच नव्हे, तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हें ओळखण्याच्या खुणाहि त्यांवर कोरलेल्या होत्या. दिसण्यांत सारखे आणि बसण्यांत निराळे असे भाग विकण्याची कला अशी बरीच जुनी आहे!

खरें यश हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारांत जॉन हॉल यांस मिळालें, व १८२६-२७ च्या सुमारास सरकारी तपासणींत तें मान्य झालें. हॉल यांचें मर्म यंत्रांइतकेंच मापांत होतें. प्रत्येक भागासाठीं त्यांनीं पोलादी गेज केले. भाग गेजमध्यें बसला तर पसंत, न बसला तर नापसंत. यांत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. कारागीर चाप घोड्याशीं जुळवीत असे. हॉल यांनीं चाप आणि घोडा दोघांनाहि एका तिसऱ्या वस्तूशीं जुळविलें. ती तिसरी वस्तु जोंपर्यंत शाबूत आहे, तोंपर्यंत दोन अपरिचित भागहि पहिल्या भेटींतच एकमेकांस बसतात.

हीच विद्या बंदुकीकडून मोटारीकडे आली. कॅडिलॅक गाडीचे जनक हेन्री लेलंड हे तरुणपणीं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारांत व कोल्टच्या कारखान्यांत काम करून तयार झाले होते. १९०८ सालीं लंडनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबनें त्यांच्या तीन गाड्या ब्रुकलंड्स येथें पूर्णपणें खोलविल्या, सर्व भाग एकत्र मिसळविले, आणि त्यांतील ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या सांठ्यांतले नवे भाग दिले. मग पाने व स्क्रूड्रायव्हर एवढ्याच हत्यारांनीं गाड्या पुन्हां जोडण्यांत आल्या. कानशीस मज्जाव होता. त्या तिन्ही गाड्या नंतर प्रत्येकीं ५०० मैल धांवल्या, व क्लबचा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला मिळाला. पुढें स्वीडनचे जोहान्सन यांच्या पोलादी मापठोकळ्यांनीं गेजांचेंहि माप ताडून पाहण्याची सोय केली. हेन्री फोर्ड यांनीं तर १९२३ सालीं जोहान्सन यांनाच आपल्याकडे आणलें.

पण या विजयांतूनच एक नवी अडचण जन्मास आली. भाग सर्वत्र सारखा म्हटल्यावर तो मूळ कारखान्यानेंच करावा असें कोठें आहे? फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींवर निघाल्या, आणि त्यांचे भाग स्वस्तांत करून विकणारे कित्येक परके कारखानदार अमेरिकेंत उभे राहिले. त्यांच्याजवळ लेथ होते, पोलाद होतें. नव्हते ते मूळ नकाशे व गेज. म्हणून ते विकत आणलेल्या भागाचीच नक्कल करीत.

नक्कल कां चुकते हें समजून घेण्यासारखें आहे. ओतीव भाग नमुना म्हणून वापरून वाळूंत साचा केला, तर थंड होतांना धातु आकसते, आणि नवा भाग जुन्यापेक्षां किंचित् लहान निघतो. जाणते ओतारी म्हणूनच नमुना मुद्दाम थोडा मोठा करतात. पत्रा दाबून आकार दिला कीं तो थोडासा मागें उसळतो. ठशांत त्याची भरपाई न केल्यास वांक उणा पडतो. शिवाय नमुन्याचा भाग स्वतःच झिजलेला असला, तर त्याची झीज नव्या भागांत जन्मतःच उतरते. नकलेवरून नक्कल काढीत गेल्यास या चुका चक्रवाढ व्याजानें वाढतात.

आमच्या फियाटचें दैव याहून वेगळें नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी वर्षानुवर्षें होत असे. पुढें तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें रूप तिनेंच घेतलें. गाडीचें उत्पादन थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून ती शेवटची टॅक्सीहि गेली. गाडी निघेनाशी झाली कीं मूळ भागांचा सांठा आटतो, आणि नकलांवांचून गति उरत नाहीं.

या नकला करणाऱ्यांस सरसकट लुटारू म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ते नसते तर आमची गाडी कधींच भंगारांत गेली असती. शिवाय चाळीस वर्षें खड्ड्यांतून धांवलेल्या गाडीचा सांगाडा स्वतः सरळ राहिला आहे असें तरी कोण सांगेल? मापाला बिनचूक असलेला भागहि वांकड्या गाडीला वांकडाच बसेल.

परंतु या उदारपणास एक मर्यादा आहे, व ती आमच्या मिस्त्रीनेंच दाखविली. त्याच दुकानांतून आम्हीं ब्रेकच्या सिलिंडरांतील रबरी वाट्याहि आणल्या होत्या. त्यानें एक वाटी सिलिंडरांत घालून बोटानें पुढें-मागें सरकविली व परत आमच्या हातांत ठेविली. "मडगार्ड मी बसवीन, ही कांहीं मी बसविणार नाहीं." वाटी केंसभर सैल होती. अशा वाटीच्या कडेनें तेल झिरपतें, पायाखालचा दाब नाहींसा होतो, आणि गाडी नेमकी घाटाच्या उतारावर थांबेनाशी होते. मडगार्डाचें न बसणें डोळ्यांस दिसतें, कानशीनें सुधारतें. वाटीचें न बसणें दिसत नाहीं, आणि तेथें कानशीचा उपाय चालत नाहीं. घरांतील मंडळी मागच्या बाकावर बसलेली असतां हा भेद किती मोठा आहे, हें सांगण्याची गरज नाहीं.

तेव्हां दोष शोधावयाचा तर तो मापाच्या हरवण्यांत आहे. कारखाना बंद होतो तेव्हां यंत्रें विकलीं जातात, जागा विकली जाते, नकाशे व गेज मात्र रद्दींत आणि भंगारांत जातात. एखाद्या ग्रंथाची मूळ पोथी नष्ट व्हावी व नकलाकारांच्या चुकांवरून पाठ ठरवावा लागावा, तसाच हा प्रकार. ज्या कारखान्यानें एखादी गाडी करणें सोडलें, त्यानें निदान तिच्या ब्रेकचीं व सुकाणूचीं मापें तरी सर्वांस खुलीं करावीं, एवढी अपेक्षा गैर नाहीं. त्यानें त्याचें नुकसान होणार नाहीं. आणि नक्कल करणाऱ्या लहान कारखानदारास झिजलेल्या नमुन्याऐवजीं खरें माप समोर ठेवून काम करतां येईल.

त्या वाट्या आम्हीं दुकानांत परत केल्या. चांगल्या मिळेपर्यंत गाडी तीन आठवडे दारांत उभी होती. मडगार्ड मात्र बसलें आहे. त्याची वांकडी फट येणाऱ्या-जाणाऱ्यांस दिसते, आणि आमची त्याबद्दल कांहीं तक्रार नाहीं.