मायभूमीचे ऋण



ज्युबिलीच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळीत बसलो असता, एके सायंकाळी येथील एक तरुण दाखला मागावयास आला. त्यास परदेशी नोकरी मिळाली होती व त्यासाठी कागदपत्रे जुळवावयाची होती. दाखला लिहिता लिहिता मी सहज म्हणालो, "बाळा, आपल्या देशाला विसरू नकोस हो." तो क्षणभर थांबला आणि नम्रपणे म्हणाला, "फादर, विसरणार नाही. पण एक विचारतो, रागावू नका. इथे काही लोक आम्हाला परके समजतात. तिकडे गेल्यावर तर आम्ही परकेच. मग ह्या देशावर प्रेम करायचे ते कोणत्या कारणासाठी?"

त्या मुलाच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, दुःख होते. मी त्यास त्या वेळी जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. तेव्हा ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत ते पुरे करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

स्वदेशप्रीतीची कारणे पुष्कळ सांगतात. आपला देश विशाल आहे, त्याचे डोंगर उंच आहेत, त्याचे पूर्वज पराक्रमी होते, असे आपण म्हणतो. ह्यात खोटे काही नाही. परंतु प्रेमाचे कारण हेच असेल तर ज्या दिवशी ह्याहून उंच डोंगर व ह्याहून मोठा पगार दृष्टीस पडेल, त्या दिवशी ते प्रेम संपावयास हवे. आपली आई गावातील सर्वांत रूपवती स्त्री आहे म्हणून कोणी मुलगा तिच्यावर प्रेम करीत नाही. तेराव्या शतकातील थोर आचार्य संत थोमास आक्विनास ह्यांनी ह्या प्रेमास निराळा पाया दिला आहे. ते म्हणतात की, देवाच्या खालोखाल मनुष्य आपल्या आईबापांचा व आपल्या मायभूमीचा ऋणी आहे. कारण त्यांच्याकडूनच त्याचा जन्म व त्याचे पोषण झाले. हे ऋण मानण्याच्या सद्गुणास लॅटिन भाषेत 'पिएतास' असे नाव आहे. म्हणजे देशप्रेम ही केवळ मनाची लहर नव्हे. ते आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचेच विस्तारलेले रूप होय.

तेव्हा खरा प्रश्न हा की, आपण ह्या भूमीपासून काय घेतले? त्याचे उत्तर इतिहासाने द्यावयाचे आहे.

पहिले ऋण भाषेचे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास उतरले आणि १६१९ साली तेथेच त्यांनी देह ठेविला. ह्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी गोव्याच्या साष्टी प्रांतात खेड्यापाड्यांतील लोकांमध्ये घालविला. नवख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडली होती. परंतु पुराण ऐकण्याची त्यांची भूक काही सुटली नव्हती. फादर स्टीफन्स ह्यांनी ती भूक ओळखली आणि सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात ह्या परदेशी धर्मगुरूने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे, तशी स्तुती ज्यांची ही जन्मभाषा त्यांनीही क्वचितच केली असेल. पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांनी देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषेत बोलावे असा हुकूम काढला. ज्या राज्याच्या आश्रयाने धर्म आला, त्याच राज्याने लोकांच्या तोंडची भाषा काढू पाहिली. हुकूम कागदावर राहिला व भाषा लोकांच्या ओठांवर राहिली.

आपल्या वसईचीही गोष्ट ह्याहून वेगळी नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, येथे पोर्तुगिजांचे राज्य होते. आडनावे बदलली, परंतु चुलीपाशी बोलावयाची भाषा बदलली नाही. आजही आपल्या घरांतून कादोडी व वाडवळी बोली ऐकू येतात, आणि लग्नघरी बायका जी गाणी गातात ती लिस्बनची नव्हेत. आपण देवाला पहिली हाक ज्या शब्दांनी मारिली ते शब्द आपणांस ह्या भूमीने दिले.

दुसरे ऋण मातीचे व शेजाऱ्याचे. येथे प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. त्या दोनशे वर्षांत आपला धर्म येथे केवळ प्रेमानेच पसरला असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. पुष्कळ सत्पुरुषांनी येथे निष्ठेने सेवा केली, हे खरे. तसेच राजसत्तेच्या बळावर देवळे मोडण्यात आली व हिंदू बांधवांच्या पूजाविधींवर बंदी घालण्यात आली, हेही खरे. मंडपेश्वराच्या लेण्याचे ख्रिस्तमंदिर झाले होते, हे बोरिवलीस जाणारास आजही ठाऊक असते. ज्या शेजाऱ्याचे मन असे दुखावले गेले, त्याच्या स्मरणात ती गोष्ट राहिली तर त्यास दोष देता येत नाही.

असो. १७३७ साली चिमाजी आप्पांची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. ता. १६ मे रोजी तहाची कलमे ठरली. पोर्तुगीज शिबंदीने सन्मानाने निघून जावे, ज्यांना जावयाचे असेल त्यांनी जावे, आणि जे ख्रिस्ती स्वखुशीने मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी, असे त्यात ठरले. दोन वर्षे रक्त सांडून जिंकलेल्या सैन्याने पराभूतांच्या धर्मबांधवांस हे वचन दिले, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना अवश्य सांगावी. एका आठवड्याने, ता. २३ मे रोजी, पोर्तुगीज निघून गेले.

गेले कोण? शिबंदी गेली, वाड्यांतून राहणारी श्रीमंत घराणी गेली, युरोपातून आलेले संन्यासी गेले. राहिले कोण? शेतकरी राहिले, कोळी राहिले, सुतार राहिले, केळी व पानवेलीचे मळे शिंपणारे राहिले. काहींना जाण्यास साधन नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्याने बावखल खणले, रहाट बांधला, आणि बापाला ज्या मातीत पुरले त्याच मातीत भात लाविले, त्याने जावयाचे तरी कोठे? त्याचा राजा बदलला होता, घर बदलले नव्हते. आपण त्या राहिलेल्यांचे वंशज आहोत. कोणी आपणांस पोर्तुगिजांचे अवशेष म्हटले तर रागावण्याचे कारण नाही. एवढेच सांगावे की, पोर्तुगीज गेले त्या दिवशी आमचे पूर्वज गलबतावर चढले नाहीत.

ह्याच संबंधात एक आठवण सांगतो. वसईच्या ख्रिस्तमंदिरांतील घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या व त्या निरनिराळ्या देवळांत टांगल्या. त्यांपैकी एक नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आहे, एक वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर आहे. तरुणपणी, नुकतीच गुरुदीक्षा झालेली असता, मी मेणवलीस गेलो होतो. त्या घंटेवर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. ती पाहून माझे मन कडवट झाले, हे लपवीत नाही. 'ही आमची' असे मी मनात म्हणालो. तितक्यात पाणी भरावयास आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने घंटेस हात लावून तो कपाळास लाविला व ती आपल्या वाटेने निघून गेली. तिला माझे नाव, गाव वा जात काहीच ठाऊक नव्हते. परत येताना वाटभर मी विचार करीत होतो की, माझ्या मातेच्या चित्रास हात जोडणारी ही बाई माझी शत्रू कशी होईल? तो कडवटपणा त्या घाटावरच राहिला, असे आज म्हणू शकतो.

तिसरे ऋण निराळ्या प्रकारचे आहे. ते घेतलेले नसून फेडावयाचे आहे, आणि ते फेडण्यास आपण मागे राहिलो होतो. इंग्रजी अमलात मुंबई, साष्टी व वसई येथील आपले पुष्कळ लोक सरकारी व रेल्वेच्या चाकरीत शिरले. गोव्याहून येणाऱ्या बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी व चाकरीस अडचण पडू नये म्हणून, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, मुंबईकडील पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव पत्करिले. पोटासाठी नाव घेणे हे काही पाप नव्हे. तथापि ज्या कंपनीने देश ताब्यात घेतला तिचे नाव देशाच्या जुन्या रहिवाशांनी धारण करावे, ह्यात दैवाची थट्टा आहे खरी.

परंतु त्याच समाजाने देशास जोसेफ बॅप्टिस्टा दिले. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली ह्यांचा जन्म झाला. प्रथम इंजिनियर, पुढे केंब्रिजास शिकून बॅरिस्टर. हवे असते तर सुखाने आयुष्य काढिते. त्यांनी लोकमान्य टिळकांची साथ धरिली. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच होते. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा हात होता, व १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. गिरणीतला कामगार त्यांना 'काका' म्हणे. एका रोमन कॅथलिक गृहस्थास हिंदू-मुसलमान कामगारांनी काका म्हणावे, ह्याहून मोठी पदवी कोणते सरकार देणार? १९३० साली ते निवर्तले. आपल्या धर्मास तिळमात्र न सोडता देशाचे होता येते, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर जगून दाखविले.

चौथी गोष्ट विश्वासाची. स्वतंत्र भारताची घटना तयार होत असता कायदेमंडळांत ख्रिस्ती लोकांसाठी काही जागा राखून ठेवाव्या, असे १९४७ साली ठरले होते. १९४९ च्या मे महिन्यात, धर्माच्या आधारावर अशा जागा नकोत, हा विचार घटना समितीपुढे आला. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते व तेच ह्या विचाराचे पुरस्कर्ते होते. येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा ह्यांनीही त्यास पाठिंबा दिला. आपल्या हक्काच्या जागा आपल्याच लोकांनी सोडिल्या. का? तर शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर विसंबून राहणे त्यांनी पसंत केले. त्याच घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. हा विश्वास प्रत्येक वेळी पाळला जातो असे मी म्हणणार नाही. तुम्हीही वर्तमानपत्रे वाचता. परंतु देशावर प्रेम करणे म्हणजे त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. प्रभू येशूने यरुशलेम शहरावर प्रेम केले म्हणूनच ते पाहून तो रडला. परक्याच्या शहरासाठी कोणी असा रडत नाही.

आपल्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. परंतु मराठी सारस्वताने त्यांस त्या आसनावर बसविले. ह्या माणसाने बायबल सुबोध मराठीत आणिले होते आणि वसईची हिरवी भूमी वाचविण्यासाठी लोकांना घेऊन लढा दिला होता. २०२४ साली ते देवाघरी गेले. फादर स्टीफन्स ह्यांचे काम चारशे वर्षांनंतर ह्याच मातीतील पुत्राने पुढे नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. बाळा, कोणी तुला परका म्हणतो म्हणून तुझे ऋण कमी होत नाही. आणि ते ऋण आहे म्हणूनच तू परका नाहीस. ज्याचे काही देणे नाही तो पाहुणा. ज्याला देणे आहे तो घरचा. तू जेथे जाशील तेथील लोकांचेही मीठ खाशील. त्यांच्याशीही इमानाने वाग, तेही देवाचेच काम आहे. परंतु मुलांशी घरची बोली बोल. मळा विकण्याची घाई करू नकोस. आणि देशात काही वाईट घडल्याचे ऐकशील तेव्हा, 'तिकडे असेच चालायचे' असे म्हणू नकोस. 'आमच्याकडे असे व्हायला नको होते' असे म्हण. त्या 'आमच्याकडे' ह्या एका शब्दातच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

तो मुलगा गेला. त्याच्या आईने ह्या स्मरणिकेची एक प्रत त्यास पाठविण्यासाठी आताच मागून ठेविली आहे. ज्युबिलीच्या पवित्र मिस्सामध्ये आपण आपल्या पूर्वजांसाठी प्रार्थना करू, तेव्हा १७३९ साली मागे राहिलेल्या त्या निनावी शेतकऱ्यांचीही आठवण ठेवावी, आणि आपल्या शेजाऱ्यांसाठी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, देवापाशी कृपा मागावी, अशी माझी आपणां सर्वांस विनंती आहे.

आपला ख्रिस्तातील सेवक,
धर्मगुरू