शाकारलेल्या गाड्या

इतिहासाच्या पुस्तकात शोधांना मानाचे पान मिळते. आगगाडी कोणी काढली, विमान कोणत्या साली उडाले, हे आमच्या शाळेतली मुले घडाघडा सांगतात. पण हाती आलेले यंत्र माणसाने जपले कसे, आणि विशेषतः ते बंद असताना कसे जपले, हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत माझ्या पाहण्यात आलेला नाही. मोटारगाडीच्या इतिहासात मात्र तो टाळून पुढे जाता येत नाही. मोटारीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात बहुतेकांच्या दृष्टीने मोटार ही उन्हाळ्याचीच चीज होती. हिवाळ्याचे चार-पाच महिने ती कोठारात झाकून ठेवायची, हा रिवाजच होता.

आपल्याला याचे फारसे नवल वाटू नये. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा तोंडाशी आला की होड्या ओढून वर घेत, त्यांवर झावळ्यांचे छप्पर घालीत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे नाव काढीत नसत. होडी 'शाकारणे' हा आपला अस्सल शब्द त्यातलाच. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. घाटावर, काळ्या मातीच्या मुलखात पाऊस लागला की बैलगाडीची चाके तुंब्यापर्यंत रुतत. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. आपल्याकडे वाहन पावसापुढे थांबले, तिकडे ते हिमापुढे थांबले, इतकाच काय तो फरक.

मोटार थांबण्याची कारणे तीन होती. पहिले, गाडी उघडी. हेन्री फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक खपली. पण तिचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे वर कापडी छत आणि बाजूंना मोकळी हवा. उणे वीस अंशांत असल्या गाडीत कोण बसणार? दुसरे, रस्ते. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँटसारख्या राज्यांत तेव्हा रस्त्यावरचे हिम काढून टाकीत नसत. घोड्यांच्या जोड्या लावून भलेमोठे लाकडी रूळ फिरवीत आणि हिम दाबून पक्के करीत. हा रस्ता घोड्यांच्या घसरगाड्यांना उत्तम, मोटारीला निरुपयोगी. तिसरे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे पाणी. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये साधे पाणीच असे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते; ओतीव लोखंडाचे इंजिन ते सहन करीत नाही. एका रात्रीत त्याला तडा जाई.

काही हट्टी लोक हिवाळ्यातही गाडी काढीत. रोज रात्री पाणी सोडून द्यायचे, सकाळी कढत पाणी भरायचे. थंडीने तेल घट्ट झाले की मॉडेल टीचा क्लच सुटत नसे. हँडल मारावे तर गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरके. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारीत. बाकीचे शहाणे लोक हिवाळ्यापूर्वीच गाडी निजवीत. पाणी पूर्ण काढायचे. बॅटरी असेल तर ती उतरवून घरात किंवा बॅटरीवाल्याकडे ठेवायची. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे आणि इंजिन हाताने फिरवायचे, म्हणजे आत गंज धरत नाही. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, कारण त्या वेळच्या टायरांत सुती कापड असे आणि ओल व ओझे मिळून ते कुजे. चकचकीत भागांना वंगण फासायचे, वर कापड घालायचे. होडी शाकारणाऱ्या आपल्या कोळ्याने हे पाहिले असते, तर त्याला यातले काहीच समजावून सांगावे लागले नसते.

पुढे एकेक कारण दूर होत गेले. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडलची कटकट मिटू लागली. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर मोटारींत बंद टपाच्या जेमतेम दहा असत. हडसन कंपनीने 'एसेक्स' ही बंद गाडी स्वस्तात काढली, इतरांना ती वाट धरावी लागली, आणि १९२७ साली हेच प्रमाण शंभरात पंचाऐंशीवर गेले. पाण्यात अल्कोहोल मिसळण्याची युक्ती जुनीच होती, पण इंजिन तापले की ते उडून जाई. १९२७ मध्ये एथिलीन ग्लायकॉल 'प्रेस्टोन' या नावाने बाजारात आले. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण उणे पस्तीस अंशांपर्यंत गोठत नाही. थंडीत पातळ राहणारी इंजिन तेलेही निघाली. आमच्या गावचा मेकॅनिक भर उन्हाळ्यात मोटारसायकलमध्ये जे '२०डब्ल्यू-४०' तेल ओततो, त्यातला 'डब्ल्यू' हा इंग्रजी 'विंटर'चा, म्हणजे हिवाळ्याचा आहे!

आता गाडी बाराही महिने चालणार, तर रस्तेही बाराही महिने मोकळे हवेत, ही मागणी ओघानेच आली. रूळ गेले, हिम बाजूला लोटणारे नांगर आले आणि त्यांच्या पाठोपाठ मीठ. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकून पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्रास प्रघात झाला. मिठाने हिम वितळते खरे, पण तेच खारट पाणी गाडीच्या पोटाखाली साचून पत्रा खाते. गंमत पाहा, गाडी हिवाळ्यात चालावी म्हणून मीठ आले, आणि त्या मिठापासून वाचवण्यासाठी शौकिनांच्या जुन्या, देखण्या गाड्या पुन्हा कोठारात गेल्या. जर्मनीत तर १९९७ पासून मोसमी नंबरपाट्याच मिळतात. एप्रिल ते ऑक्टोबर असे महिने पाटीवर छापलेले असतात. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा.

कॅनडात स्थायिक झालेला माझा एक माजी विद्यार्थी दर नोव्हेंबरात आपली जुनी गाडी अशीच निजवतो. त्याने कळवलेली रीत शंभर वर्षांपूर्वीच्या रीतीहून फार निराळी नाही. गाडी खालून धुऊन कोरडी करायची. वापरलेल्या तेलात आम्ल साठते, म्हणून तेल आधीच बदलायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायची. कारण भरलेली बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठून फुटू शकते. हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावायचे, नाहीतर ब्रेक चिकटून बसतात. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराड्याचे तोंड बुजवायचे, आणि बुजवल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधायची. ही चिठ्ठी मला फार आवडली. आपण आज काय केले ते चार महिन्यांनी आपल्यालाच आठवणार नाही, हे ओळखून केलेली ती तजवीज आहे.

आपल्याकडे हिम नाही, मग आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि त्याचे उत्तर आपल्याला दारातच मिळाले. दोन-अडीच महिन्यांनी गाड्या सुरू करू गेल्यावर कुणाची बॅटरी बसली होती, कुणाच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. चालती गाडी झिजते हे सगळ्यांना ठाऊक असते. उभी गाडीही झिजते हे तेव्हा कळले. त्यात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे मिळू लागले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, तेव्हा पेट्रोल फार दिवस टाकीत मुरू देणे बरे नव्हे. पुष्कळजण आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालवून समाधान मानतात. तेवढ्याने इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी आतच राहते आणि बॅटरीचा खर्चही भरून निघत नाही. अर्धा तास फिरवून आणावी, नाहीतर बॅटरीची तार सोडून निवांत झाकून ठेवावी.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या सीमाभागातल्या घरांत आहे. मुले पुण्याला, बंगळूरला, कुणाची परदेशी. गावच्या अंगणात वडिलांची गाडी उभी. ती गणपतीला निघते आणि दिवाळीला निघते. खंडेनवमीला म्हणा, आयुधपूजेला म्हणा, आपण दोन्ही भाषांत तिला हार घालतो, लिंबू चाकाखाली ठेवतो आणि ठेवणीतल्या वस्तूसारखी विसरून जातो. जुन्या लोकांनी वस्तू विश्रांतीला ठेवणे आणि वस्तू टाकून देणे यांत फरक केला होता. शाकारलेली होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात जाई, कारण ज्येष्ठात कोणीतरी तिच्यासाठी चार दिवस राबलेले असे. यंदा दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत जाण्यापूर्वी त्यांनी वडिलांबरोबर एक सकाळ त्या उभ्या गाडीपाशी घालवली, तर गाडीही टिकेल आणि ती कशी जपायची हे सांगणारा माणूस अजून घरात आहे, हेही त्यांच्या ध्यानात येईल.