सायकलीचा बिल्ला

इतिहास म्हटला म्हणजे राजे, किल्ले आणि लढाया यांचीच आठवण सामान्यतः होते. अहमदनगरच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. इ. स. १४९० मध्यें मलिक अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर, चांदबिबीनें लढविलेला त्याचा किल्ला, आणि १९४२ ते १९४५ या काळांत त्याच किल्ल्यांत बंदिवासांत असलेले पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी, एवढें सांगून झालें कीं नगरचा इतिहास संपला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु रोज सकाळीं डबा बांधून कामावर जाणाऱ्या माणसाचाहि एक इतिहास असतो. त्याचा शिलालेख कोठें सांपडत नाहीं. सांपडलाच तर तो एखाद्या लहानशा पितळी बिल्ल्यावर सांपडतो. अशाच एका बिल्ल्याची ही हकीकत आहे. २०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव बदलून अहिल्यानगर झालें. मागील काळाविषयीं बोलतांना येथें जुनें नांव योजलें आहे.

आज आपण जी सायकल पाहतों, तिचें रूप १८८५ सालीं इंग्लंडांत ठरलें. कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या उंचीचीं दोन चाकें आणि मागच्या चाकास फिरविणारी साखळी असलेली 'रोव्हर' सायकल बाजारांत आणली. त्यापूर्वीं पुढचें चाक माणसाच्या छातीपर्यंत येई आणि बसणारा उंचावरून पडला तर हातपाय मोडून घेई. १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेली रबरी धांव काढली आणि खडबडीत रस्त्यावर हाडें खिळखिळीं करणारें हें वाहन सुसह्य झालें. त्यानंतर थोड्याच वर्षांत तें हिंदुस्थानांत आलें. प्रथम गोरे अंमलदार, मग वकील, डॉक्टर आणि सावकार यांच्या दारीं तें दिसूं लागलें. शाळामास्तरास तें घेणें म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार खर्चीं टाकणें होतें. मराठींत त्यास कोणी पायगाडी म्हणत, कोणी दुचाकी म्हणत.

हें वाहन साहेबाच्या हातून सामान्य माणसाच्या हातीं येण्यास तीस-चाळीस वर्षें लागलीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. तोंपर्यंत रॅले, हर्क्युलिस, हंबर हीं नांवें दख्खनच्या तालुक्यातालुक्यांतून लोकांच्या तोंडीं बसलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईस हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनपत, लुधियाना येथें मोठे कारखाने उभे राहिले आणि सायकल मध्यम स्थितीच्या घरांत आली. ज्यास तीहि ऐपत नव्हती, त्यास तासावर भाड्यानें सायकल देणारीं दुकानें गल्लोगल्लीं निघालीं.

आतां बिल्ल्याकडे वळूं. अहमदनगरची नगरपालिका १८५४ सालची, म्हणजे इलाख्यांतील जुन्या नगरपालिकांपैकीं एक. १९०१ सालच्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानें अशा संस्थांना वाहनें, होड्या आणि जनावरें यांवर कर बसविण्याचा अधिकार दिला होता. घोडागाडी, छकडा, बैल यांच्या पंक्तींत मग सायकलहि बसली. पुण्यासारख्या कित्येक गांवीं सायकलीवर वार्षिक कर असे. तो भरला कीं वर्षाचा आकडा कोरलेला धातूचा एक बिल्ला मिळे आणि तो सायकलीस अडकवावा लागे. वर्ष उलटलें कीं पालिकेचा कारकून शिपायासह नाक्यावर उभा राही आणि बिल्ला जुना दिसला कीं सायकल अडवी. रात्रीं दिवा नसेल तर पोलीस धरीत. एकावर दुसऱ्यास बसविलें म्हणजे 'डबलसीट' झालें, तेंहि गुन्ह्यांत जमा. पोलीस दिसतांच मागच्यानें टुणकन् उडी मारून उतरावें आणि कोपरा वळतांच पुन्हा बसावें, हा खेळ तेव्हांच्या विद्यार्थ्यांपैकीं कोण खेळला नसेल!

हा कर लोकांस अर्थातच अप्रिय होता. परंतु त्याची दुसरी बाजूहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्याच्यापासून कर घ्यावयाचा, त्याची मोजदाद ठेवावी लागते. गांवांत सायकली किती, त्या कोणाच्या, मागील सालापेक्षां किती वाढल्या, हें पालिकेच्या दप्तरांत लिहिलेलें असे. सायकलस्वार हा रस्त्याचा वहिवाटदार आहे ही गोष्ट त्या चिमुकल्या बिल्ल्यानें सरकारदरबारीं मान्य झाली होती.

नगरसारख्या शहरास तर सायकल जणूं मापूनच केली होती. शहर पठारावर वसलेलें, चढउतार बेताचे. जुनी वस्ती वेशींच्या आंत दाटलेली; माळीवाड्यापासून दिल्ली दरवाजापर्यंत किंवा शहरांतून भिंगारच्या छावणीकडे जावयाचें तर पायीं कंटाळवाणें, परंतु सायकलीवर सहज. १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापन केलें आणि जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षणासाठीं पुण्याची वाट धरण्याची गरज राहिली नाहीं. भोंवतालच्या खेड्यांतून दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली पहांटेस शहरांत शिरत. पुढें नागापुरास औद्योगिक वसाहत झाली, तेव्हां मनमाड रस्त्यानें कामगारांच्या सायकली जाऊं लागल्या.

याच नगरशीं सायकलीच्या उतरत्या काळाचाहि संबंध जडला आहे. नगरचे वकील आणि पुढें मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांनीं कायनेटिक इंजिनीअरिंग ही कंपनी काढली आणि १९७२ सालीं 'लुना' नांवाचें लहानसें वाहन बाजारांत आणलें. त्याचा कारखाना नगरचा. पन्नास सी.सी.चें एंजिन, हलका सांगाडा, आणि शिवाय पायडलें! सायकल चालविणाऱ्यास परकें वाटूं नये आणि पेट्रोल संपलें तर घरीं पोंचतां यावें, अशी ती रचना होती. शिक्षक, कारकून, विमा-प्रतिनिधि, नोकरीस जाणाऱ्या स्त्रिया अशा ज्यांना स्कूटर परवडत नव्हती, त्यांना लुनेनें घामावांचून प्रवास दिला. त्यांस दोष कोण देईल? दिवसभर राबून आलेल्या माणसास उन्हांत पायडल मारावें लागूं नये, ही इच्छा अगदीं रास्त होती. १९८५ नंतर थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि सायकलींचें शहर म्हणून देशभर नांवाजलेलें पुणेंहि पाहतां पाहतां मोटारसायकलींचें शहर झालें. 'दुचाकी' हें सायकलीचें नांवसुद्धां तिच्याकडून गेलें. आज दुचाकी म्हटलें कीं एंजिनाचें वाहनच डोळ्यांपुढें येतें.

याच सुमारास निरनिराळ्या गांवांतून सायकलीवरील कर उठत गेला. चार पैसे वांचले म्हणून लोकांस आनंद झाला. पण बिल्ल्याबरोबर मोजदादहि गेली. मोटारीची नोंद परिवहन कचेरींत होते. दरसाल त्या किती वाढल्या हें वर्तमानपत्रांत छापून येतें आणि त्या हिशेबानें रस्ते रुंद होतात. सायकलीची नोंद कोठेंच होत नाहीं. जी वस्तु कागदावर नाहीं, ती रस्ता आंखणाऱ्यास दिसत नाहीं. वास्तविक सायकल नाहींशी झालेली नव्हती. २०११ च्या जनगणनेंत शेती व घरगुती धंदे सोडून इतर काम करणाऱ्यांना प्रवासाचें साधन विचारलें गेलें, तेव्हां देशांतील सुमारें १३ टक्के लोक सायकलीनें कामावर जातात आणि मोटारसायकल-स्कूटरनें जाणारेहि जवळजवळ तितकेच आहेत, असें निघालें. दहा वर्षांतून एकदां होणाऱ्या मोजणींत हे लोक दिसतात आणि पुन्हा अदृश्य होतात.

सायकलीस तिचा रस्ता परत मिळवून देण्याची चळवळ कशी चालते, याचा धडा हॉलंड देशानें घालून दिला आहे. तो देश आरंभापासूनच सायकलींचा होता अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि मोटारींसाठीं जुनीं घरें पाडून रस्ते रुंद करण्यांत आले. १९७१ या एका वर्षांत रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. ज्याची मुलगी अशा अपघातांत गेली होती, त्या व्हिक लांगेनहॉफ नांवाच्या पत्रकारानें १९७२ सालीं एक लेख लिहिला आणि 'बालहत्या थांबवा' हें त्याचें शीर्षकच चळवळीचें नांव झालें. आईबाप मुलांसह रस्त्यावर बसले. पुढच्याच वर्षीं तेलाची टंचाई आली आणि सरकारनें कांहीं रविवार मोटारी बंद ठेविल्या. त्यानंतर शहराशहरांतून सायकलीसाठीं वेगळे, सलग मार्ग बांधले गेले. सायकल आरोग्यास हितकर आहे असें त्या आईबापांनीं कोणास शिकविलें नाहीं. मुलांस शाळेंत जिवंत जातां यावें, एवढेंच त्यांनीं मागितलें.

महाराष्ट्रांत हें काम पुण्यानें अंगावर घेतलें. १९८० नंतरच्या दशकांत सुजित पटवर्धन प्रभृति मंडळींच्या 'परिसर' या संस्थेनें वाहतुकीचा प्रश्न पादचारी आणि सायकलस्वार यांच्या बाजूनें मांडण्यास आरंभ केला. २००६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण ठरविलें. रस्त्यावर वाहनांपेक्षां माणसांचा विचार आधीं करावा, हें त्याचें मुख्य सूत्र. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यांत जलद बससेवेचा मार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेनें सायकलमार्ग आंखण्यांत आले. पण कोठें त्यांवर हातगाडी उभी, कोठें विजेचा खांब, कोठें मार्ग मध्येंच संपलेला. ज्या नदीवरील पुलाची एक कमान नाहीं, त्या पुलाचा उपयोग किती? १९१७ पासून नव्हे, अगदीं अलीकडे, २०१७ च्या डिसेंबरांत पुणें महानगरपालिकेनें आठशें किलोमीटरांहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांची समग्र योजना मंजूर केली. त्याच महिन्यांत भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. जुन्या तासाच्या सायकलीचाच तो नवा अवतार, फक्त कुलूप मोबाइल फोननें उघडावयाचें. आरंभीं लोकांनीं त्यांचें मोठें कौतुक केलें. परंतु मोडतोड आणि चोरी यांच्या तक्रारी वाढल्या, परदेशी कंपन्यांनीं गाशा गुंडाळला आणि थोड्याच काळांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. सायकल आणणें सोपें होतें. तिच्यासाठीं अखंड वाट करणें अवघड होतें.

२०२० सालीं महामारीच्या दिवसांत बसगाड्या बंद पडल्या आणि सायकलीची आठवण पुन्हा सर्वांस झाली. केंद्र सरकारनें सायकलीस अनुकूल शहरांची स्पर्धा लावली. तींत निवडलेल्या अकरा शहरांत महाराष्ट्राचीं नागपूर व पिंपरी-चिंचवड हीं दोन होतीं. नगरलाहि सायकलीचें प्रेम कमी नाहीं. २०२१ सालीं स्नेहालय या तेथील संस्थेच्या पुढाकारानें नगरहून थेट बांगलादेशांतील नोआखालीपर्यंत सद्भावना सायकल यात्रा गेली. बाबा आमटे यांच्या १९८५ सालच्या 'भारत जोडो' यात्रेची परंपराच तिनें पुढें चालविली. अशा यात्रेकरूंना गांवोगांव हार घालतात, आणि तें योग्यच आहे. पण पहांटे साडेपांचला दुधाची किटली घेऊन निघणाऱ्यास, किंवा रात्रपाळी संपवून नागापुराहून परतणाऱ्यास हार नको असतो. मागून येणाऱ्या मालमोटारीनें आपणांस ओळखावें आणि हात दोन हात जागा सोडावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. गळिताच्या हंगामांत उसानें लादलेले ट्रॅक्टर मागें दिवा न लावतां जातात. त्या रस्त्यावर अंधारांत सायकल चालविणें हें रोजचें साहस आहे आणि त्याची बातमी कोठें येत नाहीं. आली तर अपघाताचीच येते.

२०२२ सालीं नगर शहराच्या मध्यांतून उड्डाणपूल झाला. लांबच्या गाड्या वरून जाऊं लागल्या म्हणजे खालचा रस्ता गांवाचा होण्याची संधि आपोआप येते. ती साधावयाची तर आरंभ मोजदादीपासून केला पाहिजे. एखाद्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं आठवडाभर सकाळीं दिल्ली दरवाजाशीं आणि मनमाड रस्त्यावर उभें राहून सायकली मोजाव्या. किती मुली, किती कामगार, किती दूधवाले, कितींच्या मागें दिवा आहे, हें वहींत लिहावें आणि ती वही महानगरपालिकेपुढें ठेवावी. नवे सायकलस्वार जमविण्यापूर्वीं जे आज सायकल चालवीत आहेत त्यांना निर्भय वाट मिळवून द्यावी. ती वाट पाहून इतर आपण होऊन येतील. हॉलंडांत असेंच घडलें.

जुना कर परत यावा अशी कोणाची इच्छा असणार नाहीं. तो गेला तें बरेंच झालें. परंतु त्या पितळी बिल्ल्यानें साध्या माणसास सांगितलें होतें कीं, हा रस्ता तुझाहि आहे आणि तूं आमच्या हिशेबांत आहेस. पैसे न घेतां हेंच आश्वासन त्यास पुन्हा देतां आलें, तर नगरच्या इतिहासांत किल्ल्याच्या शेजारीं त्या बिल्ल्यासहि जागा द्यावी लागेल.