औषधाच्या डब्यावरचे इंग्रजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात फळीवरची कीटकनाशकाची बाटली उचलून पाहिली, की लेबलावर एक चौकोन दिसतो. टोकावर उभा केलेला, पत्त्यांतल्या चौकटीसारखा. आडव्या रेघेने त्याचे दोन त्रिकोण केलेले. खालच्या त्रिकोणात नुसता रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. वरच्यात इंग्रजी शब्द. लाल आणि पिवळ्यावर 'पॉइझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. लाल असेल तर सोबत कवटी आणि दोन हाडे. लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा या चौकोनाने व्यापला पाहिजे, असा नियम आहे. बाकीच्या जागेवर राज्य असते ब्रँडच्या नावाचे. गिऱ्हाईकही नावानेच मागते. 'रोगर द्या' म्हटले की काम भागते, चौकोनाकडे पाहायची वेळ सहसा येत नाही.

या चौकोनाचे मूळ शोधू गेले तर शेताऐवजी स्वयंपाकघरात पोचायला होते. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसे दगावली. पीठ आणि पॅराथिऑन हे जालीम कीटकनाशक एकाच जहाजातून आले होते. डबे गळले आणि विष पोत्यांत मुरले. चौकशी आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे आले. असल्या विषांची आयात, वाहतूक आणि विक्री यांना लगाम घालणारा स्वतंत्र कायदा तेव्हा देशात नव्हता. तो यायला दहा वर्षे लागली: कीटकनाशके कायदा, १९६८. त्याखालचे नियम १९७१ चे, आणि त्यातल्या एकोणिसाव्या नियमाने हा चौकोन डब्यावर चढवला.

रंग कोणत्या हिशेबाने द्यायचा, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी घेतलेले माप ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये सुचवलेले. प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. हाच तो एलडी-५०. ट्रेव्हन यांचा कीटकनाशकांशी काही संबंध नव्हता. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या खऱ्याखुऱ्या औषधांची ताकद त्यांना मोजायची होती. आपल्या नियमांनी त्या मापाची चार घरे केली. तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंत मारते ते लाल, ५१ ते ५०० पिवळे, ५०१ ते ५००० निळे, त्यापुढचे हिरवे. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी १९७५ ची, म्हणजे या बाबतीत दिल्ली जिनिव्हाच्या आधी जागी झाली होती. एरवी असे फारसे घडत नाही.

शब्दांचे कूळ आणखी जुने. 'पॉइझन' हा फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे पेय. 'पोशन' हे त्याचेच सख्खे भावंड. 'पेस्टिसाइड', 'इन्सेक्टिसाइड', 'फंगिसाइड' यांच्या शेपटीला असलेला 'साइड' मारण्याचा. हीच शेपटी 'सुइसाइड'लाही आहे, आणि तो शब्द यवतमाळला कुणी शिकवावा लागत नाही.

पिठातून आलेल्या विषाने हा कायदा जन्माला घातला, आणि त्याची छाप अजून डब्यावर आहे. लाल गटाच्या लेबलावर चौकोनाबाहेर जी वाक्ये छापावी लागतात त्यांतल्या एकाची सुरुवातच 'इफ स्वॅलोड', म्हणजे गिळल्यास, अशी होते. लक्षणे दिसल्यास डॉक्टर बोलवा, हे त्यानंतर. वर्गवारीच्या तक्त्यात कातडीवाटे जाणाऱ्या विषाचा रकाना आहे, श्वासावाटे जाणाऱ्याचा नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळला नेमके इथेच घात झाला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली माणसाच्या उंचीला गेली होती. फवारणाऱ्याच्या नाकातोंडाशीच फवारा सुटत होता. पाठीवरचे नवे 'चायना पंप' जुन्या हातपंपापेक्षा बारीक तुषार उडवत. हवा दमट, उकाडा मरणाचा, त्यामुळे हातमोजे आणि मास्क अंगावर टिकणे कठीण, आणि मजुराला ते कुणी दिलेलेही नसत. दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवण्याची रीत तर होतीच. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढची अंधारी घेऊन माणसे येत राहिली. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबरात विभागातल्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन यांच्यासह पाच उत्पादनांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. तोवर हंगामातली बरीचशी फवारणी उरकली होती.

चौकोनाचा तोकडेपणा इथे उघडा पडतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्याला एकदा दिलेल्या मात्रेवरून तो रंग ठरतो. निळ्या चौकोनाचे औषध दिवसभर पाठीवर ठिबकत राहिले, तोच सदरा दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घातला, तर काय होईल, ते रंगावरून कळत नाही. पिवळे आणि निळे एका टाकीत गेल्यावर त्या मिश्रणाला कुठला रंग? आणि हिरवा रंग पाहून ज्याला 'हे सेफ आहे' असे वाटते, त्याच्यासाठी वर 'कॉशन' छापलेले असते, तेही इंग्रजीत.

नियमाप्रमाणे डब्यासोबत घडीचे पत्रक असते आणि त्यात हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषाही असावी लागते. मराठी मजकूर असतोही, पण बारीक अक्षरात कोंबलेला. तरी घरातल्या नववी-दहावीच्या पोरापोरींनी ते एकदा उघडून बसावे. शोधायचे शब्द दोनच. पहिला 'वेटिंग पिरियड', म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस. धुऱ्यावरची भेंडी किंवा अंबाडी कधी खुडायची हे त्यावर ठरते. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर २००५ मध्येच बंदी आली. ते खाण्यात आले तर काय होते हे समजून घ्यायचे तर बिहारमधल्या गंडामण गावाची शाळा आठवावी. तिथे २०१३ मध्ये माध्यान्ह भोजनात हेच विष उतरले आणि २३ मुले गेली.

दुसरा शब्द 'अँटिडोट', उतारा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट हे एका कुळातले, त्यांच्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. डायफेन्थियुरॉनवर ठरावीक उताराच नाही, फक्त लक्षणांवर उपचार. म्हणजे पोटात, कातडीत किंवा छातीत नेमके काय गेले हे कळल्याशिवाय डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते, आणि बेशुद्ध माणूस औषधाचे नाव सांगू शकत नाही.

म्हणून फवारताना कुणाला मळमळले, चक्कर आली, तर अंगावरचे कपडे आधी उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत घ्या. तो नेणे जमत नसेल तर मोबाइलवर लेबलाचा फोटो काढा. टाकीत दोन-तीन औषधे कालवली असतील तर सगळ्या डब्यांचा.