सूत कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात भाचा पुण्याहून कबनूरला आला, तो नोकरी सोडूनच. दोन मित्रांना घेऊन कंपनी काढणार होता. सुताचे व्यापारी आणि यंत्रमागधारक यांची मोबाईलवर गाठ घालून द्यायची, असा बेत. माझ्या कपाटातल्या वह्या आणि स्मरणिका चाळत म्हणाला, "मामा, एवढं जुनं गोळा केलंय, त्यातनं आमच्या उपयोगाचं काय हाय ते सांगा की." विचारले चेष्टेतच. पण त्यासाठी माझ्या बहिणीचे दागिने गहाण पडल्याचे मला आदल्याच दिवशी कळले होते. हा लेख त्याला दिलेले उत्तर आहे, थोडे वाढवून लिहिलेले.

आमच्याकडे उद्योगाचा इतिहास म्हटले की एकच गोष्ट सांगतात. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला पाठबळ दिले. गोष्ट खरी आहे. पण पहिल्या माणसाचे कौतुक करताना त्याच्या मागून आलेल्या शेकडो जणांना हे जमले कसे, हे विचारायचे राहून जाते. दातारांना जहागिरीचे पाठबळ होते. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरच्या शेतकऱ्याच्या पोराला कुठले? तरीही त्याने परड्यात पत्रे टाकून चार माग बसवले.

त्याला ते जमले खर्चीमुळे. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ट्रेडिंगधारक व्यापारी सूत आणतो, सायझिंगमध्ये त्याचे बीम भरून घेतो आणि ते बीम मागवाल्याच्या दारात आणून टाकतो. मागवाल्याने कापड विणून परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. हीच खर्ची. ती पिकावर मोजतात. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. समजा पिकाला १० पैसे दर आहे आणि कापड ५२ पिकाचे आहे, तर मीटरला ५ रुपये २० पैसे होतात. त्यातून कामगार, कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर आणि वीजबिल भागवून जे उरेल ते आपले. फारसे उरत नाही. पण सुताचा भाव रात्रीत पडला तरी खर्चीवाल्याला झोप लागते, कारण सूत त्याचे नसते. या गावांनी लावलेला खरा शोध मला हाच वाटतो. नवख्याने यंत्र चालवायला शिकावे, बाजाराचा धोका मात्र तूर्त दुसऱ्याने सोसावा.

याच्या उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात स्थिरावले. सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर पडून राहिले. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. या अडचणीच्या काळात हाताशी काय होते? औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम. पंतप्रतिनिधींनी दिलेले, म्हणजे माल दुसऱ्याचा आणि कसब आपले. मला तर ही खर्चीच वाटते. १९१० साली कुंडल स्टेशनजवळचा माळ आणि १०,००० रुपये कर्ज मिळाले ते त्यानंतर. चरित्र वाचणारे माळावरच्या निवडुंगापाशी रेंगाळतात आणि मंडपापाशी थांबत नाहीत.

आता घरचे. आमच्या वडिलांनी अकरा वर्षे चार मागांवर खर्ची केली आणि चार पैसे गाठीला बांधले. मग स्वतःचे सूत घेऊन विणायचे ठरवले. निर्णय चुकला असे मी आजही म्हणत नाही. चुकला तो हिशेब. सूत आज रोखीने घ्यायचे, सायझिंगमध्ये आठवडा जायचा, बीम मागावर पंधरा-वीस दिवस चालायचे, आणि कापड दिल्यावर पैसे महिन्याने, कधी दीड महिन्याने. म्हणजे प्रत्येक मागामागे दोन-अडीच महिन्यांचे सूत पुरेल एवढी रक्कम कायम अडकलेली हवी. वडिलांकडे ती चार मागांपुरती होती. त्यांनी तिच्यातूनच आणखी चार माग घेतले. माग दिसतात, पाहुण्यांना दाखवता येतात. अडकलेला पैसा कुणाला दाखवणार? पुढच्याच मंदीत एका व्यापाऱ्याने पैसे थकवले आणि आठही माग थांबले. सहा विकले. दिवाणजीच्या अक्षरातली ती वही माझ्या कपाटात आहे. उजव्या पानावरचे शेवटचे येणे आजही येणेच आहे.

भाच्याला वही दाखवली आणि एकच विचारले, "सूत कुणाचं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, गाठ घालून दिल्याची दलाली फार थोडी मिळते, म्हणून सहा महिन्यांनी आपणच सूत विकत घेऊन मागवाल्यांना उधारीवर द्यायचे ठरवले आहे. दागिने त्यासाठीच.

"उधारी किती दिवसांची?"

"तीस."

मी वहीतली तीन पाने उलटली. तीस दिवसांची म्हणून लिहिलेली येणी आणि समोर जमा झाल्याच्या तारखा. सत्तेचाळीस दिवस, बावन्न, एकसष्ट. त्याने मोबाईलवर फोटो काढले आणि रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात आकडेमोड करत बसला. सकाळी चहा घेताना सांगितले, की पहिले वर्ष दलालीवरच काढायचे, सुताला हात लावायचा नाही, असे मित्रांना कळवले आहे. एक मित्र रुसला आहे. दागिने अजून सोडवलेले नाहीत, पण त्यावरचे पैसे बँकेत तसेच आहेत.